पुलाचा प्रसंग

धाकट्याने डिस्क शर्टाच्या टोकाने पुसली आणि यंत्राच्या फटीत सरकवली. यंत्राने ती आत घेतली, थोडा वेळ कुरकुर केली आणि बाहेर टाकली.

"उलटी आहे," दाजी मागून म्हणाले.

"उलटी नाही. धूळ बसलीय."

ती उलटीच होती. त्याने गुपचूप फिरवून घातली.

पन्नाशी उलटली तरी या घरात तो धाकटाच होता. बाहेर तो लिफ्ट दुरुस्त करणारा, हाताखाली माणसं बाळगणारा. इथे मात्र ताईने ठेवलेलं नाव दाजींनीही उचललं होतं. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि एवढ्या दिवसांत त्याने इथे पाऊल टाकलं नव्हतं. आजही टाकलं नसतं. पण दाजींचा फोन आला : तुम्हा भावंडांच्या त्या साहसी सिनेमांच्या डिस्क इथे पडून आहेत, घेऊन जा. उभ्या उभ्या उरकायचं काम म्हणून तो आला, तर दाजी म्हणाले, "एक लावून दे जाता जाता. ती गेल्यापासून हे यंत्र मला जुमानत नाही." नाही म्हणणं जिवावर आलं.

त्याच्या मनातली अढी साधी नव्हती. ताई फोनवर म्हणायची, "पित्त उसळलंय रे, दुसरं काही नाही." तो विश्वास ठेवायचा. मग एका सकाळी एकदम दवाखान्यातून निरोप आला. तो धावत पोचला तोवर ती बोलण्यापलीकडे गेली होती. दाजींचं औषधांचं दुकान. जन्म गोळ्या विकण्यात गेलेल्या माणसाला हे पित्त नव्हे, एवढं कळत नव्हतं? त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी आपल्याला कळवलं नाही, हे धाकट्याने मनाशी पक्कं धरलं होतं. विचारलं मात्र कधी नाही. येणंच सोडलं.

पडद्यावर डोंगर दिसू लागले. लागला होता तो दुसरा भाग. करारी कप्तान, तिचा चष्मेवाला दुभाषी आणि सगळ्यांच्या पुढे आपल्या खेचराशी भांडत चालणारा म्हातारा वाटाड्या. ही सगळी मंडळी धाकट्याला नात्यातल्या माणसांसारखी होती. लहानपणी या मालिकेचा नवा भाग आला, की ताई त्याचा हात धरून थिएटरात न्यायची आणि घरी आल्यावर वाटाड्याची नक्कल करायची. ती कमरेवर हात ठेवून खुर्चीला शिव्या घालायची, खुर्ची म्हणजे खेचर.

दाजी हसले. धाकट्याने वळून पाहिलं नाही.

"या माणसाचं चालणं ती अगदी हुबेहूब करायची," दाजी म्हणाले.

"हं."

दोरांचा पूल दिसला तसा तो उठला. "पाणी पिऊन येतो."

हे त्याचं जुनंच होतं. लहानपणी पूल आला की तो ताईच्या कुशीत तोंड खुपसायचा. "गेले रे सगळे पलीकडे, उघड डोळे," असं ती म्हणेपर्यंत तो वर बघायचा नाही. पुढे स्वतःच्या मुलींना हा भाग दाखवतानाही नेमकी याच वेळी त्याला तहान लागायची. रोज लिफ्टच्या दोरांवर लोंबकळणारा माणूस, पण या एका पुलाला भ्यायचा.

दाजींनी शेजारची बाटली पुढे केली. "हे घे की. स्वयंपाकघरात कशाला जातोस?"

त्याला बसावं लागलं. बाटली हातात घेऊन तो बघत राहिला.

कप्तान पलीकडे पोचली. दुभाषी पोचला. खेचरही पोचलं. पाठलाग करणारे पुलावर चढले, तेव्हा वाटाड्या अजून मधोमध होता. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, कमरेचा सुरा काढला आणि आपल्या पायांखालचे दोर कापले.

धाकट्याने बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"वर येतो तो नंतर," तो म्हणाला. "झाडाला अडकतो."

पडद्यावर दगडांचा ढीग रचला जात होता. कप्तानने त्यावर म्हाताऱ्याची टोपी ठेवली.

"तिसऱ्या भागात तो नसतो, कारण तो गावी जाऊन कोंबड्या पाळतो. ताई म्हणाली होती."

"हो. मला सांगितलं होतं तिने. लग्न नवीन होतं तेव्हा. म्हणाली, धाकट्यासमोर चुकून बोलू नका, तो म्हातारा त्याच्या लेखी जिवंत आहे."

"एवढी वर्षं?"

"तू विचारलंस कधी?"

धाकट्याने रिमोट उचलून चित्र थांबवलं. पडद्यावर टोपी तशीच राहिली. आता विचारायचं नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं असावं. कारण जे इतके महिने विचारलं नव्हतं, ते अगदी साध्या आवाजात बाहेर पडलं.

"आजाराचंही असंच? मला का कळवलं नाहीत, दाजी?"

दाजींनी चष्मा काढला.

"कळवलं नाही म्हणजे? तुला सगळं माहीत होतं."

"मला म्हणाली, पित्त आहे."

"मी फोन लावायलाच बसलो होतो. तिने हात धरला. म्हणाली, मी सांगितलंय त्याला, फार रडला, त्याला हे बघवणार नाही. येईल त्याच्या कलाने. तुम्ही विषय काढू नका." दाजींनी दाराकडे बोट केलं. "मी रोज दाराकडे बघायचो. म्हणायचो, सख्खा भाऊ, आणि इतका दगड कसा?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा पीं-पीं आवाज आत येत होता.

"म्हणजे ताकास तूर लागू दिली नाही तिने," धाकटा अखेर म्हणाला. "दोघांनाही."

"तुझी बहीण ती."

"बायको तुमची."

दाजींच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. ते हसले की काय, हे धाकट्याला कळलं नाही. त्याने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मग त्यालाही पुढचं दिसेना.

बऱ्याच वेळाने दाजी उठले, दिवा लावला.

"भात टाकतो. दोघांपुरता."

"टाका."

ते आत गेले. नळाचा आवाज आला, मग भांड्याचा. धाकट्याचा फोन वाजला. बायको होती, येताना काय काय आणायचं ते सांगत होती.

"मी जेवूनच येईन," तो म्हणाला.

"कुणाकडे?"

"ताईकडे."

सामानाचं राहू दे, असं ती पुटपुटली. मग ती म्हणाली, "बरं. सावकाश या."