पहिला प्रश्न पायलचा

रायपूरच्या विद्यापीठाची स्वतःची शाळा आहे, आवारातच, कडुनिंबांच्या मागं. बी.एड.वाले दरवर्षी हिवाळ्यात इथं शिकवायला शिकतात, आणि त्यांना शिकवतात ती पोरंच. हसू नका. नववीतल्या पोट्ट्यानंसुद्धा असे कितीतरी भैया-दीदी पार लावलेले असतात. अंतिम पाठाला बाहेरून परीक्षक येतो. त्याआधी वर्गात प्रश्न वाटून दिले जातात, कोणाला कोणता आणि उत्तर काय. हे प्राध्यापकांनाही ठाऊक असतं. लबाडी कोणी म्हणत नाही, पाठाची तयारी म्हणतात.

यंदाच्या बी.एड.वाल्यांतली भावना रायपूरच्याच भनपुरीची. घर मराठी, वडील धर्मपाल रेल्वेत. घरात एवढी शिकलेली ही पहिलीच. मागच्या वर्षी अंतिम पाठात ती मध्येच गप्प झाली ती झालीच. फळ्याकडे बघत उभी राहिली आणि नापास होऊन घरी आली. धर्मपाल एवढंच म्हणाले, "होते बेटा." ते ऐकून ती जास्तच रडली. यंदाची संधी शेवटची. ही गेली की मास्तरीण व्हायचं कायमचं गेलं.

विषय गृहविज्ञान, पाठ संतुलित आहाराचा. पहिला प्रश्न तिनं नववीतल्या पायलला दिला. पायलचे बाबा विद्यापीठात बाबू. घरचं मराठी पोरीला सगळं कळायचं, पण ती बोलायची हिंदीच, आणि आवाज खणखणीत. तुझा डबा कोण करतं? आई. डब्यात काय देते? पोळी, आलूची भाजी. तिथून पाठ आहारावर जायचा. बसमध्ये, भांडी घासताना, आरशासमोर भावनानं हे इतकं घोकलं होतं की झोपेतही 'पायल, तुम बताओ' म्हणायची.

पण परीक्षक बाई आजारी पडल्या आणि पाठ पुढं ढकलला. तेवढ्यात पायलची आई गेली. साधा ताप आहे म्हणत होते लोक. भावना मयतीला गेली, पायलजवळ बसली, आणि परत आल्यावर तिनं पहिला प्रश्न यशदीप नावाच्या पोराला दिला. पायल एवढ्यात शाळेत येत नाही, असंच सगळे धरून होते.

ती नेमकी पाठाच्या दिवशी आली. पहिल्या बाकावर आपल्या जागी बसली. तिला पाहून भावना तिच्याकडे निघाली. तोवर परीक्षक बाई मागं येऊन बसल्या, चष्मा लावला, म्हणाल्या, "शुरू कीजिए." भीतीनं माणसाचं काय होतं पाहा. डोकं बाजूला राहतं आणि तोंड घोकलेलं बोलून मोकळं होतं.

"आपका टिफिन कौन बनाता है? पायल, तुम बताओ."

यशदीप अर्धा उठला होता, तो खाली बसला. अख्ख्या वर्गाला माहीत होतं, एक परीक्षक बाई सोडून. धरणीनं पोटात घ्यावं असं भावनाला झालं.

पायल उठली. "मेरी माँ बनाती है," म्हणाली. आवाज नेहमीचाच.

आता दुसरा प्रश्न. तो भावनाला विचारवेना. कसा विचारावा? मागच्या वर्षीसारखीच ती गप्प उभी राहिली. बाईंनी पेन उचललं. आठवीत असताना पायलनं हे सारं पाहिलेलं होतं. तिनं भावनाकडे एकदा पाहिलं आणि कोणी न विचारताच पुढं बोलली.

"रोटी देती है, आलू की सब्जी देती है. कभी लाल भाजी. मैं नहीं खाती तो डाँटती है."

शेवटचं ठरलेल्या उत्तरात नव्हतं. एवढं सांगून ती बसली.

लाल भाजीवरून, म्हणजे आपल्या लाल माठावरून, भावना लोहावर आली, फळ्यावर लिहिलं, पाठ पुरा केला. कसा केला ते तिला सांगता यायचं नाही. बाई जाताना हिंदीत म्हणाल्या, मुलं तुमच्याशी किती मोकळी बोलतात, सुरुवात फार छान झाली. भावना पास झाली. असं पास होणं वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये.

सुट्टीत तिनं पायलला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "मले माफ कर, पायल. माह्या तोंडून निघून गेलं. मी बाईले सांगून येतो सगळं. नापास केलं तं करू दे."

"नोका सांगू, दीदी." पायल मराठीत बोलत होती, अडखळत. "घरी माँचं नाव कोणी काढतच नाही. मी काढलं तं बाबा उठून जाते. तुम्ही विचारलं, तं मले सांगाले भेटलं."

बाईंकडे निघालेली भावना थांबली.

"अजून विचारा ना," पायल म्हणाली.

भावना तिथंच कठड्यावर टेकली, तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "लाल भाजी कशी करे तुही आई?"

"लसूण लय टाके," पायल म्हणाली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली.