अठराचं एव्हरेज

प्रभाकररावांचं गणित साधं होतं. आचल बारावी पास झाली तर गिरडच्या दर्ग्यावर चादर चढवीन, असा त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा नवस होता; पोरगी पास होऊन दोन वर्षं झाली. जीपवाला दोन हजार मागत होता. इकडे भाचा पियुष नागपूरच्या शोरूममधून नवी कार दाखवायला घेऊन देवळीला यायला तयार होता, आणि पेट्रोल शोरूमचं. म्हणजे दोन हजार वाचणार, एसीत बसायला मिळणार, आणि एवढी लांबलचक गाडी बाजारातून फिरली की आपल्या बी-बियाण्याच्या दुकानाची शान वाढणार ती वेगळीच. त्यासाठी एकच वाक्य खर्ची घालायचं होतं : "अठराचं एव्हरेज दिलं तर घेतो." एवढी मोठी पेट्रोल गाडी अठरा देते, हे प्रभाकरराव मरेपर्यंत मानणार नव्हते.

पियुषने ते वाक्य खरं धरलं. बिचाऱ्याला धरावंच लागलं. दोन हजार नऊचा नोव्हेंबर संपायला चार दिवस उरले होते, आणि मॅनेजरने बजावलं होतं : महिनाअखेर एक तरी हायब्रीड विक, नाहीतर एक तारखेपासून येऊ नको. सहा महिन्यांत एकही गेली नव्हती. एकवीस लाख ऐकलं की गिऱ्हाईक चहा संपवून उठायचं.

"मामाजी, हे नवं मॉडेल आहे," निघायच्या दिवशी देवळीच्या पेट्रोल पंपावर तो सांगू लागला. "नाक बदललं, दिवे बदलले, बॅटरी मोठी केली. पेट्रोलचं इंजिन आहे अन् बिजलीची मोटरही आहे. ब्रेक दाबला का बॅटरी आपोआप चार्ज होते."

"म्हणजे एका घरात दोन कमावते," प्रभाकरराव म्हणाले. "मंग एक तरी बसून खात असन."

पंच म्हणून रूपरावांना सोबत घेतलं होतं. रूपराव शेतकरी, तीस वर्षं प्रभाकररावांच्याच दुकानातून बियाणं नेत होते, आणि तीस वर्षांत त्यांनी शेठला एक रुपया सोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, गाडी दोन्ही बाजूंनी हलवून आतली हवा काढली, पुन्हा भरली, आणि किलोमीटरचा आकडा खिशातल्या डायरीत उतरवला. मग पंपावरच्या पाच-सहा जणांसमोर विचारलं, "शेठ, वापस आल्यावर अथीच भरू. अठरा निघाले तर?"

"जबान आहे माही. घेतो."

हिंगणघाटच्या अलीकडे जिनिंग मिलपुढे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं.

"बंद पडली!" एवढा आनंद प्रभाकररावांना दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नसेल. "उतरा रूपराव, धक्का मारा."

"मामाजी, बंद नाई पडली, पेट्रोल वाचवून राह्यली..."

ऐकतो कोण? दोघं उतरले, मागे वाकले. तेवढ्यात बंड्या हलल्या. पियुषने ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी आवाज न करता बॅटरीवर पुढे सरकली, आणि दोघांचे हात हवेतच राहिले.

"शेठ, आमचे बैल जोडून देऊ का?" एका बंडीवाल्याने विचारलं.

पुढे जाम गावी चहा झाला आणि पियुषला जोर आला. पिकअप दाखवायला त्याने हायवेवर गाडी एकशे दहावर नेली, एसी पूर्ण सोडला. गिरडला पोचेपर्यंत समोरच्या पडद्यावर सरासरी चौदा दिसत होती. प्रभाकररावांनी चादरीचे पैसे घासाघीस न करता काढले, त्यावरूनच शकुंतलाबाईंना संशय आला.

परतताना पियुषचा धीर सुटला. "मामाजी, तुम्हीच चालवून पाहा," तो म्हणाला. निदान हात बसला तर मन बसेल, अशी त्याची आशा. प्रभाकररावांनाही ते सोयीचंच होतं. दोनदा पाय दाबला की उरलंसुरलं एव्हरेज खल्लास.

त्यांनी पाय दाबला. पडद्यावर सरासरीखाली त्या घडीचं एव्हरेज दिसत होतं, तो आकडा धाडकन सहावर आला.

पेट्रोल शोरूमचं आहे हे प्रभाकररावांच्या डोक्याला ठाऊक होतं. पायाला कुठे ठाऊक? ज्या माणसाने तीस वर्षं प्रत्येक उतारावर स्कूटर बंद करून चालवली, त्याचा पाय आपोआप उचलला गेला. आकडा चढला. बारा. एकोणीस. सव्वीस.

"अवो, पाय काढला का तो हिरवा बाण बॅटरीकडे जाते," मागून शकुंतलाबाई म्हणाल्या.

"दिसते मले. बोलू नोको."

त्यांनी एसी बंद केला. काचा उघडल्या तर हवा अडते म्हणून काचाही बंद. गाडी चाळीसवर. सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर पुढे निघून गेला, मग दुधाचे कॅन लावलेली लुना.

"शेठ, लुना गेली," रूपराव म्हणाले.

"जाऊ द्या. तिचं पेट्रोल तिले."

"एसीत बसाले आणलं होतं ना आमाले?" शकुंतलाबाई पदराने वारा घेत होत्या.

"एसी पेट्रोल खाते!"

पियुष खिडकीबाहेर बघत बसला होता. एक शब्द बोललो तर मामा भानावर येईल, एवढी अक्कल त्याला त्या नोकरीने दिली होती.

देवळीच्या पंपावर दिवेलागणीला पोचले. रूपरावांनी पुन्हा गाडी हलवून हलवून काठोकाठ भरली. एकशे साठ किलोमीटर, आठ पॉइंट साठ लिटर. ते डायरीत भागाकार मांडतायत तोवर प्रभाकररावांचा तोंडी झालासुद्धा.

"अठरा पॉइंट साठ!" ते पंपभर ओरडले. "पोट्ट्यानं चौदा काढलं होतं, लिहून घ्या! चालवणारा पाह्यजे, चालवणारा! गाडीत काय आहे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपरावांनी डायरी मिटली.

"शेठ, चेक कोणत्या बँकेचा?"

प्रभाकररावांचा चेहरा हळूहळू उतरला. "तसं नाई रूपराव... मी चालवली म्हणून..."

"गाडी तुमीच चालवान ना? का लुनावाला चालवन?" रूपराव शांतपणे म्हणाले. "पाहा बा. पुढच्या साली तुमी म्हणान, हे बियाणं उगवते. तवा आमी कोणाच्या जबानीवर पिशवी उचलाव?"

टाळ्या वाजवणारे सगळेच जण त्यांच्याच दुकानाचे गिऱ्हाईक होते.

गाडी तिसाव्या तारखेला नावावर झाली. तिचा हिशोब असा : त्या दिवसाचं पेट्रोल, चारशे तीस रुपये, शोरूमने भरलं. जामचा चहा सोळा रुपये, तो पियुषने. तेवढ्यावर त्याची नोकरी टिकली. रूपरावांनी काही भरलं नाही. एकवीस लाख प्रभाकररावांनी भरले, सात लाख रोख आणि चौदा लाख हप्त्यांनी. एव्हरेज आता बावीसवर गेलंय. त्याचा घाम शकुंतलाबाई भरतात.