पाणी न पिणारा ओटा

त्या मंगळवारी आप्पा एका पाहुण्याला आणायला हातखंब्याला गेले आणि आई पहिल्यांदाच आमच्या नव्या ओट्यापाशी रांधायला उभी राहिली.

ओटा होऊन सात महिने झाले होते. आईचे गुडघे तिला बसल्यावर उठू देईनासे झाले, म्हणून आप्पांनी तो करायला घेतला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दादू नावाच्या गृहस्थाने शेड टाकली होती. गारगोटीचा चुरा पांढऱ्या सिमेंटमध्ये घोटून तो ओट्याच्या लाद्या पाडत असे. गारगोटी पाणी पीत नाही, असे तो सांगे आणि ते खरेच होते. सिमेंटचे काय, हे त्याला कोणी विचारले नव्हते.

आप्पा तीस वर्षे मुंबईच्या गोदीत होते. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा, असे त्यांना वाटे. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला स्वयंपाकघरात नेत. ओट्यावर तांब्याभर पाणी ओतत, घड्याळात दहा मिनिटे मोजत, मग फडक्याने पुसून पाहुण्याला हात फिरवायला लावत. तो "कोरडा आहे" म्हणाला की आप्पा मान हलवत, जणू परीक्षा पाहुण्याचीच होती आणि तो काठावर पास झाला होता. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही कथा मध्येच थांबवून हात फिरवावा लागला. पुढे पुढे दादू आपली गिऱ्हाइके थेट आमच्याकडेच पाठवू लागला.

घरच्यांना मात्र त्या ओट्यावर पाणी सांडायला बंदी होती. स्टोव्ह नको, काजळी धरते. मासे नकोत, वास लागतो. आई पूर्वीसारखी जमिनीवर बसूनच रांधे आणि उठताना ओट्याची कड धरे. तेवढा उपयोग आप्पांनी चालवून घेतला. नंतर त्यांना कडेवर बोटांचे ठसे दिसले.

मी खेडच्या शाळेत शिकवते. वर्गात साठ मुलांना गप्प बसवत असे, पण आप्पांपुढे स्वतःच गप्प बसे. आपण सुट्टीपुरत्या आलेल्या, असे मनाला समजावी.

तर त्या मंगळवारी आईने स्टोव्ह वर ठेवला. भात झाला, आमटी झाली. मध्येच खिडकीतून परसातल्या दगडी कुंपणाकडे बघत ती म्हणाली, "इथनं गडग्यापलीकडचं सगळं दिसतं गो."

सोलकढीसाठी कोकमाचे आगळ काढताना तिच्या हातून बाटली कलंडली. आम्ही लगेच पुसले. तरी तळहाताएवढा लाल डाग राहिलाच. राखेने घासला, लिंबाने घासला. तो आणखी आत गेला. शेवटी त्यावर तांदळाचा पितळी डबा ठेवला. स्टोव्ह खाली उतरवला.

"त्यांना सांगू नको," आई म्हणाली. "जीवाला लागेल त्यांच्या."

आप्पांनी आणलेल्या पाहुण्याने डब्याच्या अलीकडेच ओट्यावर हात फिरवला आणि आमटीची तारीफ केली. बुधवारी पहाटे आई झोपेतच गेली.

चौदाव्या दिवशी दादू सांत्वनाला आला. बरोबर दोन गिऱ्हाइके होती. त्यांनी हात जोडले, वाईट झाले म्हणाले, आणि तिघेही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागले. तेरा दिवस धड न बोललेले आप्पा उठले. तांब्या भरला. मी अडवले नाही. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून केलेले ते पहिलेच काम होते.

पाणी पसरत डब्याखाली गेले. पुसण्यासाठी आप्पांनी डबा उचलला.

दादूने वाकून पाहिले. हा दोष पाण्याचा नाही, असा निर्वाळा त्याने दिला. पाण्याला रंग नसतो. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांना एसटीची वेळ आठवली. त्यांना गाठायला दादूही निघाला.

आप्पा ओल्या ओट्यापुढे फडके धरून उभे होते.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारले.

मी केले, असे सांगणे सोपे होते. आईलाही तेच आवडले असते.

"आईनं," मी म्हणाले. "तुम्ही हातखंब्याला गेलात, त्या दिवशी तिनं इथं उभं राहून रांधलं. सात महिन्यांत तेवढा एकच दिवस. आप्पा, हा ओटा तिच्या गुडघ्यांसाठी होता."