झडती एकाचीच

आमच्या सोसायटीचा गणपती खाली आणायला चार माणसं लागली आणि झडती झाली ती एकाचीच. आठवलं की अजून माझं डोकं तडकतं, म्हणून सांगून टाकते.

मी वासंती आपटे. अडुसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त आणि धायरीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सोसायटीचा रबरी शिक्का माझ्या कपाटात असतो, बाकी चालतं ते अध्यक्षांचंच.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये बराका भाड्याने राहतो. टांझानियाचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला आजी म्हणतो, माझी साबुदाण्याची खिचडी मागून खातो. दोन वर्षांत त्याचा वर चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. आमच्याकडे मीटिंगमध्ये कोण किती ओरडतं ते मात्र विचारू नका.

पाचव्या दिवशी विसर्जन. गच्चीवरच्या हॉलमध्ये शाडूची तीन फुटी मूर्ती, भलतीच जड, आणि लिफ्ट बंद. अध्यक्ष श्रीनिवासराव म्हणाले, "अरे, त्या बराकाला बोलवा. ह्या लोकांच्या अंगात ताकद असते!" तो आला, न सांगता दाराशी चपला काढल्या आणि सोसायटीतला शुभंकर नि आणखी दोघांबरोबर चार मजले मूर्ती उतरवली. खाली ताजा हार घालून आरती झाली आणि आवारातल्या हौदात मूर्ती बुडवली. "मोरया" सगळ्यांत जोरात कोण ओरडलं असेल? बराका.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवासरावांच्या बायकोने, आनंदीवहिनींनी, टाहो फोडला. गणपतीला घातलेली त्यांची सोन्याची मोहनमाळ गायब!

"उत्तरपूजेनंतर मी सगळे दागिने काढले होते. डब्यात ठेवल्याचं मला पक्कं आठवतंय," त्या म्हणाल्या.

झालं. कोणी तरी विचारलं, मूर्तीजवळ बाहेरचं कोण होतं? अहो, दोन वर्षं इथे राहणारा मुलगा एका रात्रीत बाहेरचा झाला! त्याला बॅगेसकट पार्किंगमध्ये बोलावलं. श्रीनिवासराव म्हणाले, "बॅग उघड." त्याने उघडली. त्याचे शर्ट, वह्या, आईचा फोटो, सगळं फरशीवर आलं. कोणी तरी मागून म्हणालं, "आफ्रिकेतले सगळे असलेच." शुभंकर शेजारीच उभा होता. मूर्ती त्यानेही उचलली होती, पण त्याला साधा खिसाही कोणी उलटा करायला सांगितला नाही. सापडलं काहीच नाही. तर म्हणे, "म्हणजे कुठे तरी विकली असणार."

आणि मी? मी म्हणाले, "अहो, हे बरं नाही." इतक्या हळू म्हणाले, की माझं मलाच ऐकू आलं. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी बाई मी! लाज वाटते.

दुपारी श्रीनिवासराव पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करून घेऊन आले. त्यात बराकाचं नाव, तेवढं एकच. "शिक्का मारा."

बराका माझ्या दारात उभा होता. "आजी, सोमवारी माझी व्हिसा वाढवायची तारीख आहे. पोलिसांत नाव गेलं तर मला परत पाठवतील. एक वर्ष राहिलंय फक्त."

मी कपाट उघडलं, शिक्का हातात घेतला आणि काल संध्याकाळची आरती डोळ्यांपुढे आली.

"श्रीनिवासराव, विसर्जनाच्या वेळी हार कोणी काढला?"

"कोणी नाही. हारासकट बुडवली की."

"शेजारी निर्माल्याचं पिंप ठेवलेलं असताना?"

"तेवढी हौस असते हो लोकांची."

"मग हाराखाली काय होतं, ते कोणी पाहिलं?"

मी तडक खाली निघाले, मागून सगळे. हौदाशी आनंदीवहिनी आडव्या आल्या. "अनंत चतुर्दशीपर्यंत हौदाला हात लावायचा नाही, आपला नेम आहे!"

"वा! आणि परक्या पोराची बॅग उघडताना कुठला मुहूर्त पाहिला होतात? व्हा बाजूला!"

पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात घातला. मूर्ती पार विरघळली होती. वर झेंडूच्या पाकळ्या, तळाशी लोण्यासारखा गाळ. दोनदा मातीच आली. तिसऱ्यांदा बोटांना मणी लागले. ओढून काढली तर चिखलाने माखलेली मोहनमाळ.

"बाप्पा पावला!" आनंदीवहिनींनी ती कपाळाला लावली. टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या! कोणी पेढे आणायला धावलं. श्रीनिवासरावांनी तक्रारीचा कागद फाडला आणि बराकापुढे पेढ्यांचा पुडा धरला. "घे रे. गैरसमज होतात माणसाचे. झालं गेलं विसरून जा."

बराकाने पेढा घेतला नाही. तो माझ्याकडे वळला. "आजी, एक कागद द्याल? मी चोरी केली नाही, असा. शिक्का मारून."

श्रीनिवासराव हसले. "आता लेखी कशाला? मिटलं ना सगळं!"

"पुढच्या वेळी दाखवायला," बराका म्हणाला.

पुढच्या वेळी! इतक्या साधेपणाने म्हणाला, जसं काही ती येणारच आहे. शिक्का अजून माझ्या डाव्या मुठीतच होता.

"तक्रार टाइप करायला वेळ होता ना तुम्हाला?" मी श्रीनिवासरावांना म्हणाले. "मग हेही करा. 'संशय खोटा होता, आम्ही त्याची माफी मागतो,' असं स्पष्ट लिहा. खाली सही तुमची, आणि नोटीस बोर्डावर एक प्रत. नाही तर हा शिक्का आणि सेक्रेटरीपद आत्ताच घ्या परत."

त्यांनी लिहिलं. कपाळाला आठ्या घालून, पण लिहिलं. मी शिक्का मारला, चांगला दाबून.

बराकाने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला. मग घडी घालून, पासपोर्टच्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवला. त्या पिशवीत आधीपासूनच असा एक कागद होता. त्यावर शिक्का त्याच्या आधीच्या सोसायटीचा होता.