पलीकडच्या केंद्रावरचं नाव

मित्रांनो, मी चावडीवरचा जुना रेडिओ आहे. आता माझ्या तोंडून नुसती खरखर निघते, आणि तीही कुणी पाठीत थापट मारली तरच. पण एके काळी मी बोलायला लागलो की सारं गाव गप्प बसायचं. बढाई मारतोय म्हणा हवं तर, पण ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. गावात मात्र मला एका लढाईने आणलं. १९६५ साली लढाई झाली तेव्हा आमच्या गावात रेडिओच नव्हता. जो कुणी मोहोळच्या बाजाराला जाई तो येताना बातमी घेऊन येई, आणि वाटेत ती बातमी अशी काही फुगे की गावात पोचेपर्यंत दिल्लीही पडलेली असे आणि लाहोरही आपलं झालेलं असे. शेवटी सरपंच महादेवप्पा वैतागले. "पुढची लढाई तरी नीट ऐकू या," म्हणाले. गावाने वर्गणी काढली आणि सोलापूरच्या एका दुकानातून मला घेतलं. एसटीत मी दोघांच्या मांडीवर बसून आलो. अंगाला धूळ लागू नये म्हणून मला नवं घोंगडं पांघरलं होतं.

चावडीवर माझ्यासाठी एक लाकडी पेटी केली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली बडेसाब पिंजाऱ्याकडे दिली. बडेसाबचं घर चावडीला लागूनच होतं. तो गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. कापसात वावरणारा त्याचा हात मोठा हलका. माझा कान तो असा हळू पिळायचा की मला कधी दुखलं नाही. सेल उतरले की तो ते उन्हात वाळत घालायचा, आणि मग मी आणखी चार दिवस नेटाने बोलायचो.

माझी नोकरी मजेची होती. संध्याकाळी बाजारभाव सांगायचे, पावसाचा अंदाज सांगायचा, तो चुकला की गावाच्या शिव्या खायच्या, आणि शेवटी भजन म्हणून दाखवायचं. पुरुष वर कट्ट्यावर बसत. बायका खाली कडुलिंबाच्या झाडाशी उभ्या राहून ऐकत, कारण चावडीची पायरी बाईने चढायची नाही अशी गावाची रीत होती. ती कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग १९७१ चा डिसेंबर आला आणि पुन्हा लढाई लागली. सोलापुरात ब्लॅकआउट केल्याची बातमी मी दिली. लगेच आमच्या गावानेही ब्लॅकआउट केला. गावात वीज अजून आली नव्हती, पण म्हणून काय झालं? कंदील विझले, चुली विझल्या, हरिबा नावाचे एक म्हातारे होते त्यांनी तोंडातली विडीसुद्धा विझवली. माझ्या काट्यामागे इवलासा उजेड होता, त्यावर बडेसाबने फडकं टाकलं. त्या फडक्याआडून मी रोज बातम्या सांगत होतो आणि गाव अंधारात बसून ऐकत होतं. एक देश मोडून दुसरा नवा देश तयार झाला, ही बातमी आमच्या गावाला माझ्याच तोंडून कळली. त्या संध्याकाळी चावडीवर गूळ वाटला. मलाही कुणीतरी खडा लावला. मुंग्या लागल्या, पण मी काही बोललो नाही.

गूळ वाटून थोडे दिवस झाले असतील, तोच गोजरबाईच्या दारात तार आली.

गोजरबाईचा जोतीराम पलटणीत होता. तो पाळण्यात असतानाच त्याचा बाप वारला होता, आणि तिने एकटीने राबून त्याला वाढवलं होतं. वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. तार इंग्रजीत होती म्हणून ती शाळेच्या मास्तरांकडे चावडीवर आणली. सासू आणि सून रंभाबाई दोघी खाली लिंबाशी उभ्या राहिल्या. मास्तरांनी तार मनात वाचली आणि मग जड आवाजात म्हणाले, "जोतीराम बेपत्ता आहे."

कट्ट्यावरच्या माना खाली गेल्या. हरिबा हळूच म्हणाले, "गेलं पोरगं. असंच कळवत्यात ही लोकं."

खालून गोजरबाई बोलली. "बेपत्ता म्हंजी पत्ता न्हाय, एवढंच नव्हं का? मेला असं कुटं लिवलंय त्यात?"

"तसं लिहिलेलं नाही, बाई," मास्तर म्हणाले.

"मग लागंल की पत्ता," असं म्हणून ती सुनेला घेऊन घरी गेली.

गावाला मात्र ते पटलं नाही. त्यात इलेक्शन तोंडावर आली. लढाई जिंकल्याचा गुलाल अजून उतरला नव्हता, त्यामुळे जो उमेदवार येई तो लढाईवरच बोले. विहिरीचं, रस्त्याचं कुणी नावच काढत नव्हतं. आमच्या गावात एक मोठे पुढारी सभेला यायचे ठरले, आणि महादेवप्पांच्या मनात आलं की त्यांच्या हातून हुतात्मा जोतीराम चौकाचं नामकरण करावं, घरच्यांचा सत्कार करावा आणि त्या निमित्ताने गावाला पक्का रस्ता मागून घ्यावा. महादेवप्पा मनाने वाईट नव्हते. जोतीरामसाठी ते खरोखर रडले होते. पण हुतात्म्याच्या गावाला रस्ता लवकर मिळतो, हेही त्यांना कळत होतं. मांडवाच्या मेढी आल्या, पाटी रंगवून आली.

अडचण एकच होती. रंभाबाईच्या कपाळाला अजून कुंकू होतं आणि हातात हिरव्या बांगड्या होत्या. हरिबा म्हणाले, "सभेच्या आदी सगळं रीतीनं हुन जाऊ द्या. कुक्कू लावून ती सत्काराला हुबी ऱ्हायली तर चार गावची लोकं काय म्हनतील?"

ती पोर तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. खाली लिंबाशी उभी राहून ती हे ऐकत होती, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्या पेटीतून मला ते दिसलं. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमाराला बडेसाबला एक गोष्ट कळली होती. माझा काटा इकडून तिकडे नेताना एकदा त्याला सीमेपलीकडचं केंद्र लागलं. तिथे उर्दूत नावं वाचत होते. त्यांनी धरून नेलेल्या आपल्या जवानांची ती नावं होती. बडेसाबच्या घरी उर्दूच्या जवळची दखनी बोलत, त्याला बोलणं बऱ्यापैकी समजलं. मग बातम्या संपून माणसं भाकरी खायला गेली की तो एकटाच माझ्यापाशी बसायचा, आवाज बारीक करायचा आणि कान लावायचा. गोजरबाईला त्याने सांगून ठेवलं होतं, "आक्का, जोतीचं नाव आलं की पळत यीन मी."

एके संध्याकाळी हरिबांची तंबाखूची पिशवी चावडीवर राहिली. ती घ्यायला ते परत आले आणि त्यांनी ते बोलणं ऐकलं. "दुश्मनाचा रेडिओ लावतंय ह्यो!" म्हणून त्यांनी एकच गिल्ला केला. माणसं जमली. बडेसाबने परोपरीने सांगून बघितलं, पण लढाईच्या दिवसांत माणसांचे कान तिखट होतात आणि ऐकू मात्र कमी येतं. ज्याच्या हातच्या गाद्यांवर सारं गाव झोपत होतं, त्याच्याकडे गाव त्या दिवशी परक्यासारखं बघत होतं.

महादेवप्पा म्हणाले, "वातावरन बरं न्हाय, बडेसाब. इलेक्शन हुईस्तवर किल्ली माज्याकडं ऱ्हाऊ दे."

बडेसाबने करदोट्याची किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात ठेवली. "सेल तेवढं उन्हात ठिवत जावा," एवढंच तो म्हणाला आणि घरात गेला. मित्रांनो, मी निर्जीव आहे असं तुमचं पुस्तक सांगतं. पण त्या दिवशी मला माझ्याच गावाचा राग आला होता.

सभेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, गोजरबाई आली. लिंबाशी थांबली नाही. पायऱ्या चढून थेट वर आली. कट्ट्यावरची माणसं चपापून उठली.

"आप्पा, किल्ली द्या," ती महादेवप्पांना म्हणाली.

"आक्का, दुश्मनाचा रेडिओ हाय त्यो."

"माजं पोर दुश्मनाच्या घरात असंल, तर त्येचा पत्ता दुश्मनालाच इचाराय पायजे की. का तुमी सांगताय?"

महादेवप्पांनी कनवटीची किल्ली चाचपली. "उद्या सभा हाय," ते पुटपुटले.

"म्हनूनच आज आलीया. उद्या माज्या सुनंच्या बांगड्या फोडायला येताय न्हवं?"

त्यांनी किल्ली काढून दिली. गोजरबाईने ती स्वतःकडे ठेवली नाही. पायरीच्या टोकाशी जाऊन तिने हाक मारली, "बडेभाऊ, या हिकडं!" आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

माझे सेल तेव्हा पार उतरले होते. महादेवप्पांना उन्हाची आठवण राहिली नव्हती. बडेसाबने माझा कान पिळला, मी सगळा जीव एकवटला. पलीकडचा माणूस नावं वाचत होता. घाईघाईने वाचत होता, जणू त्याला जेवायला उशीर होत होता. बडेसाब एकेक नाव पुन्हा उच्चारून सांगत होता. एवढ्यात खरखर आली. "…गीराम, वल्द गोंडीबा, ज़िला शोलापूर…" आणि तो पुढच्या नावावर गेलासुद्धा.

"शोलापूर म्हनला," बडेसाब चाचरत म्हणाला. "पर नाव न्हाय घावलं मला. आक्का, मला न्हाय घावलं!"

"कोंडीबा!" गोजरबाई ओरडली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. आमच्या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. नवरा वारला तरी घेत नाही. गोजरबाईच्या तोंडून ते नाव कुणीही कधी ऐकलं नव्हतं, अगदी जोतीरामनेसुद्धा.

"कोंडीबाच म्हनला त्यो!" ती पुन्हा म्हणाली. "कोंडीबाचा पोरगा म्हनला. माज्या मालकाचं नाव मला वळकू येत न्हाय व्हय?"

मग ती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. लिंबाखाली रंभाबाई उभी होती. ती पायऱ्या चढून वर आली आणि सासूजवळ बसली. तिला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या केंद्राने तीच नावं पुन्हा वाचली. तेव्हा चावडी भरून गेली होती, आणि सगळ्यात पुढे हरिबा बसले होते. या वेळी जोतीरामचं नाव आणि त्याच्या पलटणीचंही नाव बडेसाबला स्पष्ट लागलं. हरिबांनी आपली तंबाखूची पिशवी काढून बडेसाबपुढे धरली.

दुपारी पुढारी आले. ते हुतात्म्यावरचं भाषण पाठ करून आले होते. जोतीराम जिवंत आहे हे कळल्यावर त्यांना आनंद झाला असणार, पण त्यांचा चेहरा जरा गोंधळला. भाषण मग लवकर संपलं आणि रस्त्याचं काही बोलणं झालं नाही. पाटी उलटी करून महादेवप्पांनी ती शेळ्यांच्या गोठ्याला लावली.

जोतीराम आला तो पुढच्या डिसेंबरात. कैदी सोडले तेव्हा. ते साल दुष्काळाचं. गाव अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होतं आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. ज्या रस्त्यासाठी त्याला हुतात्मा करायला निघाले होते, त्याच रस्त्याची ती खडी होती. तो मोहोळहून चालत आला आणि खडीवर बसलेल्या बायकांत त्याला आई आणि बायको दिसल्या. फार वाळला होता, म्हणतात. लढाईबद्दल तो चावडीवर कधीच काही बोलला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "थंडी लई हुती."

त्यानंतर माझे दिवस हळूहळू सरले. घरोघरी ट्रान्झिस्टर आले, लोक ते खांद्याला अडकवून रानात नेऊ लागले. आता मी पेटीत पडून असतो. बायका मात्र चावडीवर येतात, बसतात, ग्रामसभेत बोलतातसुद्धा. माझ्या अंगावरची धूळ त्यांच्यापैकीच कुणीतरी पुसतं.

पण शेवटची एक संध्याकाळ सांगायची राहिली. जोतीराम येऊन महिना झाला होता. गोजरबाई चावडीवर आली आणि बडेसाबला म्हणाली, "बडेभाऊ, त्येंची पोरं अजून आपल्याकडं हायती न्हवं? आपला रेडिओ पन त्येंची नावं सांगतुया का?"

"सांगतुया की, आक्का."

"मग आपल्या रेडिओवाल्यास्नी एक कार्ड लिवा. म्हनावं, नावं सावकाश घ्या. बापाचं नाव तर लई नीट घ्या. तितं कुनीतरी आई बसली आसंल."

मास्तरांनी कार्ड लिहिलं. ते पोचलं का, कुणी वाचलं का, मला ठाऊक नाही. पण मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसाल, कुणाकुणाची नावं वाचाल, कोण जाणे. उद्या शाळेत हजेरी घ्यायची पाळी आली तरी घाई करू नका. नाव सावकाश घ्या, नीट घ्या.