सेट होईपर्यंत

दवाखान्याच्या शेवटच्या खोलीत प्लास्टर घालणाऱ्या काकांचा एक नियम होता: जेवढं मोठं हाड, तेवढा मोठा शब्द. मोठा म्हणजे लांबलचक नव्हे, पुष्कळ अर्थांचा. बोट मोडून आलेल्या पोराला ते ‘टाय’ द्यायचे. गळ्यातला टाय आणि बरोबरीत सुटलेला सामना आठवेपर्यंत बोटाचं काम उरकलेलं असायचं. घोट्याला बसचा, परीक्षेतला, फुटबॉलमधला ‘पास’ पुरायचा. प्लास्टर घट्ट होण्याआधी मूल हललं तर बसवलेलं हाड सरकतं, आणि दुखणाऱ्या मुलाला नुसतं ‘हलू नकोस’ सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डोकं कामाला लावलं की हात आपोआप गप्प बसतो, हे काकांना अनुभवाने ठाऊक होतं.

आजची मुलगी सायकलवरून पडली होती. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली. डॉक्टरांनी तेवढाच भाग बधिर करून हाडं ओढून जागेवर आणली होती आणि जाताजाता बजावलं होतं, “काका, जपून. आता सरकली तर ऑपरेशन करावं लागेल.” ते मुलीनेही ऐकलं होतं.

हाताला कापूस गुंडाळून झाला. आता कुणीतरी तिची बोटं वर ताणून धरायला हवी होती, आणि नेमकी मदतनीस बाई रजेवर. काकांनी दारातून हाक मारली, “हिच्या आई, जरा आत या.”

बाहेरच्या बाकावरची बाई धडपडत उठली.

“ती नको,” मुलगी म्हणाली. “ती सोडते.”

बाई उंबऱ्यातच थबकली.

“सायकल धरते म्हणाली आणि सोडली,” मुलीने काकांकडे तक्रार केली.

“अगं, तूच ओरडलीस ना, सोड म्हणून?” बाई म्हणाली.

“ओरडले. पण सोडायची नव्हती.”

काकांनी हसू मिशीतच दाबलं. बाई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मी हिची सख्खी आई नाही. मागच्या वर्षी आले या घरात. मावशी म्हणते मला. दुसऱ्या कुणाला बोलावता का?”

“बोटं धरणाऱ्याला इथे नातं विचारत नाहीत,” काका म्हणाले. “हात धुऊन या. आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, कुणी कितीही ओरडलं तरी.”

मुलीने मावशीकडे पाहिलं नाही, पण बोटं दिली. काकांनी ओल्या पट्टीचे वेढे द्यायला सुरुवात केली. प्रत्येक वेढ्यावरून ते तळहात फिरवत. बोटांनी दाबलं तर खळगे पडतात आणि पुढे आत टोचतात.

“तुझा हात मोठा, म्हणून शब्दही मोठा,” ते म्हणाले. “सेट. कुठेकुठे ऐकलास, सांग बघू.”

मुलगी छताकडे बघत राहिली. “टीव्हीचा सेट.”

“एक झाला.”

“कपबशांचा. टेनिसचा. गणितातला, तो मला येत नाही.” मग जरा थांबून, “आजोबांच्या दातांचा. तो पेल्यात झोपतो.”

“हे आजोबांनी ऐकलं तर?” मावशी म्हणाली.

“दात काढले की त्यांना कमी ऐकू येतं.”

काकांचा हात हसण्याने हलणार होता, त्यांनी सावरला. “आता गंमत बघ. आपण गजर लावतो, टेबल मांडतो, हाड बसवतो, आणि सूर्य मावळतो. इंग्रजीत या सगळ्याला सेट. आपल्या मराठीच्या घरात प्रत्येक कामाला वेगळं भांडं, त्यांचं एकच पातेलं सगळ्या चुलींवर फिरतं.”

“मग त्यांना कळतं कसं?”

“शेजारी कोण बसलंय ते बघून. सूर्य असला की मावळायचं, गजर असला की वाजायचं.”

एवढ्यात मुलीने खांदा आखडला. “काका, आत भाजतंय. काहीतरी चुकलं.” तिचे डोळे भरून आले आणि ती कोपर ओढायला लागली. “सोड. मावशी, सोड ना.”

काका दोन्ही तळव्यांनी प्लास्टर सांभाळून होते. सगळं आता त्या वरच्या पकडीवर होतं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. तिच्या कपाळावरची बट डोळ्यात गेली होती.

“नाही सोडणार,” ती म्हणाली. “तू हवं तेवढं ओरड.”

मुलगी ओरडली. दोनदा, अगदी सायकलवर ओरडली असेल तशी. पकड तसूभरही ढिली झाली नाही. मग ती आपणहून थांबली आणि मावशीच्या तोंडाकडे बघू लागली.

“घट्ट होताना ते गरम होतंच, बाळा,” काका म्हणाले. “आता निवत जाईल. कुणाकडे आणखी एखादा सेट आहे का?”

“जेलीचा,” मावशी म्हणाली. “परवा मी केली होती. झालीच नाही सेट.”

“आम्ही प्यायलो,” मुलीने काकांना सांगितलं. “बाबांनी दोन ग्लास घेतले.” जरा वेळाने ती म्हणाली, “मावशी, तुझे केस डोळ्यात जातायत. फुंकर मारू?” आणि मान न उचलता, पडल्यापडल्याच, तिने वरच्या दिशेने फुंकर मारली. बटेपर्यंत काही ती पोचली नाही.

काकांनी प्लास्टरवर टिचकी मारली. कोरड्या लाकडासारखा टणक आवाज आला. बोटांच्या टोकांचा रंग पाहिला, एकेक हलवायला लावलं. “छान. हाड जागेवर आहे. सोडा आता.”

मावशी हात काढू लागली, पण मुलीची बोटं तिच्या बोटांभोवती मिटली.

“काका,” मुलगी म्हणाली, “अजून ओलं आहे.”

काकांनी चष्मा वर केला, प्लास्टरवर तळहात ठेवला आणि गंभीरपणे मान हलवली. “खरंच की. माझ्या लक्षात नाही आलं. धरून ठेवा अजून थोडा वेळ.”

आणि पुढचं मूल बाहेर थांबलेलं असूनही ते सावकाश पट्ट्या भिजवायची बादली उचलून पाणी ओतायला गेले.