निळ्या चड्ड्या आणि काळा दोरा

मित्रांनो, शिलाईची मशीन आहे मी, पायाने चालणारी, आणि आता बरीच म्हातारी. एकोणीसशे बहात्तर साली मी उंब्रजला लालासाहेबांच्या कपड्यांच्या कारखान्यात आले. बारा मशिनी, बारा बाया. माझ्यावर अंजना बसायची. काय हात होता तिचा! मला तर तिचा भारी अभिमान. तिच्या शिलाईवरच तिचं घर चालायचं.

कारखाना कसला, कोंदट खोली ती! रस्त्याची धूळ कापडावर बसू नये म्हणून मालकांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. दोन पिवळे दिवे, तेवढाच काय तो उजेड. बायांचे डोळे चुरचुरायचे, पण मालकांसमोर बोलणार कोण?

एकदा शाळेच्या साठ गडद निळ्या चड्ड्या परत आल्या. सगळ्या काळ्या दोऱ्याने शिवलेल्या! शिवल्या होत्या अंजनाने, माझ्याच सुईखाली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्यापास्नं येऊ नगंस," लालासाहेब तिला म्हणाले. अंजनाचं तोंड एवढंसं झालं.

तशी शेजारच्या मशीनवरची म्हातारी अंबूबाई उठली. "आवं मालक, तुमी तर जल्मभर शिवणकाम केलंया. बसा की हितं. एक चड्डी शिवून दावा."

"त्यात काय!" मालक ऐटीत माझ्यासमोर बसले. डब्यातलं रीळ उचललं, "ह्यो बघा निळा," म्हणाले आणि खडखड खडखड चड्डी शिवून मोकळे. कौतुक करून घ्यायला ती दारात उजेडात नेली, तर काय! दोरा काळाकुट्ट.

आधी कुणी हसेना. मग अंबूबाईला ठसका लागला आणि सगळी खोली फिदीफिदी हसू लागली. शेवटी मालकही हसले. "आयला, हितं दिसतंय कुणाला!" म्हणत त्यांनी हातोडा मागवला आणि स्वतः फळ्या उखडल्या. धूळ अडवायला खिडक्यांना मलमल लावली.

"अंजना," जाताना ते म्हणाले, "उद्या येळेवर ये."

ती आली. साठ चड्ड्या उसवायला घेतल्या, आणि सगळ्यात आधी उसवली ती मालकांनी शिवलेली!

मित्रांनो, मला तेल घालायला कुणी विसरत नाही, कारण मी करकरते. बाया करकरत नाहीत हो. त्यांना जवळ बसून विचारावं लागतं.